रेडिओचे तोंड कोणीकडे?

रेडिओ विकत घेणे सोपे आहे. तो कसा लावावा हे मात्र सहसा कोणी शिकवत नाही. दुकानदार सेल घालतो, काटा फिरवून जवळचे एखादे स्टेशन ऐकवतो आणि खोके आपल्या हाती देतो. घरी आणल्यावर तो कोनाड्यात ठेवावा की खिडकीत, त्याचे तोंड दाराकडे असावे की भिंतीकडे, याचा विचार घरातील शोभेच्या दृष्टीने होतो, विज्ञानाच्या दृष्टीने होत नाही. प्रस्तुत लेखात आपल्या गुलबर्ग्याच्या परिसरापुरता हा विचार करावयाचा आहे. शेवटी दूरदर्शन संचाकडेही वळू, कारण प्रश्न तोच आहे.

आळंद तालुक्यात माझे थोरले मामा राहत. १९८१ साली त्यांनी गुलबर्ग्यातून तीन बँडचा ट्रान्झिस्टर नेला. हेतू एकच, पुण्याच्या मराठी बातम्या आणि रात्रीची भावगीते ऐकणे. महिन्याभरात तो संच दोनदा दुरुस्तीला आला. दुकानदाराने दोन्ही वेळा पैसे घेतले, दोन्ही वेळा दुकानात तो ठणठणीत वाजला, आणि घरी गेल्यावर पुन्हा पुण्याच्या जागी खरखर. शेवटी मामांनी नाद सोडला. मला म्हणाले, "इथं मराठी लागत नाही बघ. सरहद्द झाली ना, आता तिकडचं तिकडं आणि इकडचं इकडं."

हे वाक्य आपल्या भागात मी अनेक घरांतून ऐकले आहे. १९५६ पूर्वी बीदर, गुलबर्गा आणि मराठवाडा एकाच हैदराबाद संस्थानात, नंतर एकाच हैदराबाद राज्यात होते. निजामी राजवटीतील डेक्कन रेडिओ उर्दू, तेलुगू, कन्नड आणि मराठी अशा चारही भाषांतून बोलत असे. १९५० साली ते केंद्र आकाशवाणीकडे आले. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा माणसांचे दप्तर, शाळा, कचेऱ्या बदलल्या. रेडिओच्या लहरींना मात्र कोणी जकात नाका बांधला नव्हता. तेव्हा मामांचे वाक्य खरे की खोटे, हे तपासण्याजोगे होते.

मी त्यांच्या घरी गेलो. संच माजघरात, उत्तरेच्या भिंतीतील कोनाड्यात, तोंड दक्षिणेकडे करून ठेवलेला होता. वरची चकचकीत दांडी पूर्ण ताणलेली. मी दांडी मिटवली, संच उचलून ओसरीवर आणला आणि त्याचे तोंड मावळतीकडे, किंचित उत्तरेला केले. रात्रीचे नऊ वाजले होते. पुणे लागले. मधूनमधून आवाज खाली जाई, पुन्हा वर येई, पण बातमीदाराचा शब्द न् शब्द कळत होता. मामांनी आधी संचाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि विचारले, "दुकानदाराला काय दिले होते मी मग?"

आता यामागचे शास्त्र पाहू.

मध्यम लहरींचा, म्हणजे आपण ज्याला मीडियम वेव्ह म्हणतो त्या पट्ट्यातील कार्यक्रम वरच्या ताणलेल्या दांडीतून येत नाहीत. बहुतेक लोकांचा हा पहिला गैरसमज असतो. ती दांडी लघुलहरींसाठी आणि एफ. एम.साठी असते. मध्यम लहरींचे एरियल संचाच्या पोटात दडलेले असते. काळसर रंगाची, बोटाएवढी जाड, ठिसूळ अशी फेराइटची कांडी आणि तिच्यावर बारीक तांब्याच्या तारेचे वेढे, असे त्याचे रूप. ही कांडी संचाच्या लांबीला समांतर, आडवी बसवलेली असते.

प्रक्षेपकापासून निघालेल्या लहरीत एक विद्युत अंग आणि एक चुंबकीय अंग असते. मध्यम लहरींच्या बाबतीत चुंबकीय अंग जमिनीला समांतर आणि लहरीच्या प्रवासाच्या दिशेला काटकोनात असते. कांडी या चुंबकीय अंगाच्या रेषेत आली की वेढ्यांतून अधिकात अधिक चुंबकीय प्रवाह जातो आणि अधिकात अधिक विद्युतदाब निर्माण होतो. म्हणजेच कांडी स्टेशनच्या दिशेला आडवी हवी. भीमेच्या पात्रात कोळी जाळे लावतो ते धारेला आडवे लावतो, धारेच्या लांबीत लावत नाही, तसेच हे. कांडीचे टोक स्टेशनकडे झाले की तेथून येणारा आवाज जवळजवळ मरतो. मधल्या स्थितीत कांडी आणि स्टेशनची दिशा यांच्यातील कोनाच्या ज्येइतका, म्हणजे साइनइतका, अंश हाती लागतो.

मामांच्या कोनाड्यात कांडी पूर्व-पश्चिम होती. पुणे तेथून पश्चिमेच्या सुमारे वीस अंश उत्तरेला. वीस अंशांची ज्या ०.३४. म्हणजे मिळू शकणाऱ्या दाबाचा जेमतेम तिसरा हिस्सा संचाला मिळत होता, आणि तोही दगडी भिंतीच्या आतून. दुकानातील संच बहुधा योग्य दिशेला, निदान उघड्यावर, वाजवला जात असावा. दोष संचात नव्हता. तो कोनाड्यात होता.

आता गुलबर्गा शहर मध्यबिंदू धरून नकाशावर पट्टी ठेवा. मला स्वतःला ही गोष्ट प्रथम दिसली तेव्हा मोठी गंमत वाटली. सोलापूर सरळ रेषेत सुमारे १०५ किलोमीटरवर, पश्चिमेच्या जरा उत्तरेला. तीच रेषा पुढे वाढवा, ३४० किलोमीटरवर पुणे येते. आणखी वाढवा, सुमारे ४६० किलोमीटरवर मुंबई. तिन्ही शहरे चार-पाच अंशांच्या फरकाने एकाच दिशेला आहेत. म्हणजे गुलबर्ग्यातील श्रोत्याने एकदा संच बरोबर फिरवून ठेवला की तिन्ही स्टेशनांसाठी पुन्हा फिरवण्याचे कारण नाही. ज्यांच्याजवळ होकायंत्र नाही त्यांच्यासाठी एक खूण सांगतो. २१ जूनच्या सुमारास आपल्याकडे सूर्य पश्चिमेच्या बरोबर चोवीसेक अंश उत्तरेला मावळतो. त्या संध्याकाळी सूर्यबिंब जेथे टेकेल, त्याच दिशेला पुणे आहे. भिंतीवर खडूने रेघ मारून ठेवावी. ती वर्षभर उपयोगी पडते.

कांडीला पुढचे-मागचे कळत नाही, हीही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट. संचाचे तोंड पुण्याकडे असो की पाठ, परिणाम एकच. त्यामुळे पुण्याकडे वळवलेला संच आपोआप उलट बाजूच्या हैदराबादकडेही वळलेला असतो, कारण हैदराबाद आपल्यापासून थेट पूर्वेला सुमारे १७५ किलोमीटरवर आहे. उलटपक्षी परभणी थेट उत्तरेला आणि बंगळूर जवळजवळ थेट दक्षिणेला. पुण्यासाठी लावलेल्या कांडीची टोके या दोघांच्याच बाजूला वळतात. मराठवाड्याचे मराठी ऐकायचे असेल तर संच जवळजवळ काटकोनात फिरवला पाहिजे, आणि मग पुणे मंदावते. धारवाड नैर्ऋत्येला आहे, त्याची कांडी वायव्य-आग्नेय रेषेत हवी.

काट्यावर कोठे थांबायचे? त्या वर्षांत पुणे ७९२ किलोहर्ट्झवर, हैदराबाद ७३८, धारवाड ७६५, बंगळूर ६१२, आपले गुलबर्गा ११०७, परभणी १३०५ आणि पुढे सुरू झालेले सोलापूर अगदी टोकाला १६०२ वर होते. या सर्व आकड्यांना नऊने निःशेष भाग जातो, हे पाहून घ्या. तो योगायोग नाही. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय करारानुसार नोव्हेंबर १९७८ पासून आशिया, युरोप आणि आफ्रिकेतील मध्यम लहरींची केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवण्यात आली. अमेरिकेत हे अंतर दहाचे आहे. म्हणून कोणाचा मुलगा तिकडून आकडे दाखवणारा सुंदर संच घेऊन येतो आणि त्यावर ७९० लागते, ८०० लागते, मधले ७९२ काही केल्या सापडत नाही. अशा संचांच्या पाठीवर किंवा सेलच्या खणात बहुधा नऊ-दहाची एक बारीक कळ असते. ती नऊवर सरकवावी.

दिवसा आणि रात्री यांतील फरकही समजून घेतला पाहिजे, नाहीतर माझ्यावर दोष यायचा. दिवसा मध्यम लहरी जमिनीला धरून चालतात. वातावरणाच्या वरच्या भागात, सुमारे साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर, सूर्यप्रकाशाने विद्युतभारित झालेला एक थर असतो. तो वर जाणाऱ्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि लहरी त्याहून वरच्या थरांवर आपटून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. म्हणून रात्री पुणे-मुंबई जवळ येतात. जमिनीवरून आलेली आणि आकाशातून उतरलेली लहर कधी एकमेकींना साथ देतात, कधी खोडतात. आवाज वर-खाली होतो तो त्यामुळे. आकाशातून तिरप्या उतरणाऱ्या लहरींपुढे कांडीची मेलेली बाजूही दिवसाइतकी चोख मेलेली राहत नाही. मामांच्या घरी दिवसा पुणे कधीच नीट लागले नाही, संच कसाही फिरवला तरी नाही. तेवढ्यापुरते त्यांचे वाक्य खरेच होते.

शहरात राहणाऱ्यांची अडचण वेगळी. गुलबर्गा आकाशवाणी केंद्र १९६६ साली सुरू झाले. प्रक्षेपकाच्या जवळपास राहणाऱ्यांना ते काट्यावर जागा सोडून अघळपघळ पसरलेले ऐकू येई आणि दूरचे दुबळे स्टेशन त्याच्या खाली दबून जाई. अशा वेळी कांडीची मेलेली बाजू हेच औषध. संच असा फिरवावा की कांडीचे टोक थेट जवळच्या प्रक्षेपकाकडे होईल. हव्या असलेल्या स्टेशनचा आवाज थोडा घटला तरी चालेल. नको असलेला त्याहून कितीतरी अधिक घटतो. वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने ही युक्ती वापरून पाहिली आणि खोलीतील कन्नडभाषक मित्राने तिचा उलटा उपयोग करून धारवाड लावले. दोघांत संच एकच होता, त्यामुळे तो दिवसातून बरेचदा फिरत असे.

किरकोळ सूचना एका दमात सांगून टाकतो. संच पत्र्याच्या छपराखाली, लोखंडी कपाटावर किंवा ट्यूबलाइटजवळ ठेवू नये. सेल बदलताना सगळे एकदम बदलावेत. महिनाभर संच वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावेत, कारण पाझरलेला सेल पत्र्याच्या पट्ट्या खातो आणि मग खरोखरीची दुरुस्ती निघते. कांडी पडून मोडली तर तुकडे चिकटवून काम कसेबसे चालते, पूर्वीसारखे चालत नाही.

आता दूरदर्शनकडे येऊ. आपल्या जिल्ह्याला येथे इतिहासात एक जागा आहे आणि ती आपल्यालाच फारशी ठाऊक नसते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे पूर्ण एक वर्ष, भारतीय अवकाश संशोधन संस्था आणि अमेरिकेची नासा यांनी मिळून उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा प्रयोग केला. त्याचे आद्याक्षरी नाव साइट. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत संच बसवले गेले. कर्नाटकातील खेडी गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर या तीन जिल्ह्यांतील होती. बंगळूरला तेव्हा दूरदर्शन नव्हते. आपल्या खेड्यांतील चावडीपुढे आणि शाळेच्या पटांगणात मात्र माणसे चित्र पाहत बसली होती.

हे चित्र ए. टी. एस.–६ या उपग्रहावरून ८६० मेगाहर्ट्झवर येई. ते घेण्यासाठी अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने तीन मीटर व्यासाची थाळी योजली होती, आणि ती होती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. हसू येईल, पण गणित चोख आहे. ८६० मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. जाळीची भोके तिच्या मानाने इतकी लहान की लहरीला ती सलग पत्रा वाटते. वारा मात्र आरपार जातो, वजन कमी, किंमत कमी. संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने बनवले. श्रीलंकेत कोलंबोला राहणाऱ्या आर्थर क्लार्क या लेखकाच्या घरीही या प्रयोगाची एक थाळी बसवली गेली. भूस्थिर उपग्रहांवरून जगभर संदेश पाठवता येतील ही कल्पना त्यांनी १९४५ सालीच मांडली होती, त्यामुळे हा मान त्यांना मिळणे योग्यच होते.

उपग्रह विषुववृत्तावर, ३५ अंश पूर्व रेखांशावर, आफ्रिकेच्या माथ्यावर होता. गुलबर्ग्याहून गणित केले तर थाळीचे तोंड पश्चिमेच्या अठरा अंश दक्षिणेला आणि क्षितिजापासून सुमारे एकोणचाळीस अंश वर हवे. डिसेंबरातील सूर्यास्ताच्या दिशेच्या सहा अंश अलीकडे. एवढ्या थाळीची नजर आठेक अंश रुंद असते, म्हणजे दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले तरी चित्र जात नसे. उपग्रह जागचा हलत नसल्यामुळे एकदा खिळवलेली थाळी पुन्हा फिरवावी लागत नसे.

येथे मात्र माझ्या मूळ सूत्राला अपवाद आहे आणि तो लपवणे बरे नाही. रेडिओ फिरवून मामांना मराठी मिळाले. ही थाळी कशीही फिरवली असती तरी मराठी मिळाले नसते. एका चित्राबरोबर दोन ध्वनी पाठवण्याची सोय त्या उपग्रहात होती, म्हणजे तेच चित्र दोन भाषांत दाखवता येई. प्रयोगाच्या भाषा चार ठरल्या, हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड. महाराष्ट्रातील एकही जिल्हा प्रयोगात नव्हता, तेव्हा मराठीचा प्रश्न कोणाच्या कागदावर आला नसावा. आळंद-अफझलपूरकडील मराठी बोलणाऱ्या घरांची संख्या अशा यादीत कोठे बसणार? कन्नड आपल्याला परके नाही, बाजारात आणि शाळेत ते बोलतच आपण वाढलो. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. पण ग्राहकाच्या हातात काय आहे आणि पाठवणाऱ्याच्या हातात काय, यातील भेद येथे अगदी उघडा दिसतो.

प्रयोग संपला, उपग्रह परत गेला, आणि १९७७ साली गुलबर्ग्यात जमिनीवरचा दूरदर्शन प्रक्षेपक उभा राहिला. पुढे १९८० नंतर चौदा इंची, कृष्णधवल, उचलून नेण्याजोगे संच बाजारात आले. ते विजेवर चालत आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवरही. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली जाई. त्यात दोनच गोष्टी सांभाळायच्या. तांबडी तार धन टोकाला, काळी ऋण टोकाला. उलटी लावली तर संच जातो. दुसरी, मागचे झाकण उघडू नये, कारण चित्रनळीला दहा हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि संच बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकून राहतो.

या संचाची दांडी मात्र खरोखरीचे एरियल होते, आणि तिची लांबी चॅनलप्रमाणे ठरे. कंप्रतेच्या मेगाहर्ट्झने १४३ ला भागले की द्विध्रुवाची लांबी मीटरमध्ये मिळते. चौथ्या चॅनलला ती सव्वादोन मीटरच्या आत-बाहेर, नवव्याला जेमतेम सत्तर सेंटिमीटर. म्हणून वरच्या चॅनलला दांडी पूर्ण ताणणे हे चूक होते, आणि सगळे तेच करीत. चित्रात मुंग्या दिसल्या तर लहर अपुरी. चित्राच्या उजवीकडे फिकट दुसरे चित्र दिसले तर लहर दोन वाटांनी येते आहे, एक सरळ आणि एक पाण्याच्या टाकीवर किंवा टेकडीवर आपटून. चौदा इंची पडद्याची रुंदी अठ्ठावीस सेंटिमीटर आणि ती आखायला लागणारा वेळ ५२ मायक्रोसेकंद. सावलीचित्र एक सेंटिमीटर सरकलेले असेल तर दुसरी वाट साडेपाचशे मीटरने लांब आहे असे समजावे. आमच्या विभागात विद्यार्थ्यांनी पट्टी लावून हे मोजले होते आणि मग गच्चीवर जाऊन कोणती टाकी ते शोधले होते. प्रात्यक्षिकाच्या वहीत ते नव्हते, पण त्या वर्षी सर्वांना तेवढेच नीट आठवत राहिले.

ते सर्व आता संपले. दूरदर्शनने जमिनीवरील जुने प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. कलबुर्गीचे प्रक्षेपण २०२१ मध्ये त्याच निर्णयात आले, आणि केंद्र कार्यक्रमांची निर्मिती करीत राहील असे प्रसार भारतीने तेव्हा स्पष्ट केले. मध्यम लहरींचे कित्येक प्रक्षेपकही शांत झाले आहेत. छतावर पुन्हा थाळीच आली. डी. डी. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्या येथून तो बरोबर आग्नेयेला, क्षितिजापासून ६२ अंश वर. साठ सेंटिमीटरची ही थाळी जाळीची करून चालत नाही, कारण तरंगलांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास आली. तिची नजरही तीनच अंश रुंद. म्हणजे १९७५ च्या अजस्र थाळीपेक्षा ही चिमुकली थाळी लावायला अधिक नाजूक आहे, आणि वादळानंतर प्रथम तपासायची ती हिची दिशा. शिवाय तिचा ग्राहक मध्यावर नसून खालच्या कडेपुढे असतो, त्यामुळे ती प्रत्यक्षात बघते त्यापेक्षा बरीच खाली बघते असे भासते. डोळ्याच्या अंदाजाने ६२ अंश वर वळवाल तर काही लागणार नाही. खांबावर आखलेले अंश वाचावेत.

ती बरोबर बसली की एकाच तारेतून चंदना आणि सह्याद्री दोन्ही येतात. मामा आता नाहीत. कोनाडा आहे. त्यांच्या नातवाने त्यात सेट-टॉप बॉक्स ठेवला आहे, आणि त्याचे तोंड कोणीकडे आहे याने काही बिघडत नाही.